चाकातलं कुंकू

सुंदरबाईइतकी घाबरट बाई मी उभ्या जळगावात दुसरी पाहिली नाही, आणि हे मी तिची चेष्टा करायला सांगत नाही. चेष्टा तेव्हा भरपूर केली. ती कॉम्प्रेसरला घाबरायची, टेलिफोनला घाबरायची, पालीला तर घाबरायचीच, आणि कारखान्याच्या पत्र्यावर माकड उतरलं की हातातलं डबडं टाकून मोरीत जाऊन बसायची. "सुंदरबाई, तुमच्या सावलीला सांगून ठेवा, एकदम पुढं येऊ नको म्हणून," असं मी म्हणायचो आणि सगळे हसायचे. तीही हसायची. मग दारामागं कोणी नाही ना, हे बघून कामाला लागायची.

मी तेव्हा एम.आय.डी.सी.त देवचंदशेठच्या फायबरच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. नाव भटू, डिप्लोमा धुळ्याचा, आणि मिजास मात्र परदेशात शिकून आल्याची. आम्ही कूलरच्या बॉड्या करायचो, पाण्याच्या टाक्या करायचो. काम सोपं आणि घाणेरडं. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, तिच्यावर रेझीन, म्हणजे मधासारखं चिकट रसायन, ओतायचं, रोलरनं दाबून आतली हवा काढायची, वर पुन्हा मॅट, पुन्हा रेझीन. वाळलं की लोखंडासारखं टणक आणि उचलायला हलकं. वासानं डोकं चढायचं, काचेची कुसं अंगात शिरायची आणि घरी गेल्यावरही खाज जायची नाही.

या कामात सुंदरबाईचा हात सगळ्यांत चांगला होता. तिच्या रोलरखालून हवेचा बुडबुडा सुटत नसे, कारण घाबरट माणूस एकदा केलेलं काम दोनदा बघतो. टाकी तयार झाली की ती एक लोखंडी नट घेऊन सगळीकडे ठोकत फिरायची. आवाज खणखणीत आला तर ठीक. भद्द आला की आत थर धरलेला नाही. मला जे डोळ्यांनी दिसत नसे ते तिला कानांनी कळायचं, आणि मी मात्र ते माझंच कसब असल्यासारखं शेठला सांगायचो.

ती मूळची पारोळ्याकडची. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, उंचावरून पडून गेला. पोरगी पाचोऱ्याला दिलेली. स्वतः मेहरूणमध्ये एका खोलीत राहायची. डबा खायला तिला एकच सोबत होती, प्रमिलाबाई. ही प्रमिलाबाई शेठच्या ड्रायव्हरची, सुकदेवची बायको. दोघी शेजारी बसून काम करत, आणि सुंदरबाईला एकटीनं गोडाऊनमध्ये जायची भीती वाटली की प्रमिलाबाई कुरकुरत का होईना, सोबत जायची.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात शेठनं कुठल्याशा मासिकातलं एक चित्र कापून आणलं. परदेशात म्हणे मोटारीची चाकं फायबरची करायला लागले होते. टायर ज्यावर बसतो ती लोखंडी डिस्क काढायची आणि तिच्या जागी फायबरची बसवायची. वजन निम्मं, गाडी पळायला हलकी, पेट्रोल कमी. "आपल्याकडे फायबर आहे, माणसं आहेत, तुमच्यासारखा शिकलेला माणूस आहे," शेठ म्हणाला. "मग आपण का नाही?"

मला छाती फुगवायला तेवढं पुरलं. पण घरी गेल्यावर मला भीती वाटली, हे आज कबूल करतो. कूलर फुटला तर पाणी सांडतं. चाक फुटलं तर काय, हे मी कोणाजवळ बोललो नाही. लोखंडी डिस्क तुटायच्या आधी वाकते, गाडी एका बाजूला ओढते, ड्रायव्हरला कळतं. फायबर आतल्या आत थर सोडतं आणि वरून चकचकीतच दिसत राहतं. हे मला डिप्लोमात शिकवलं होतं. न घाबरता कसं करायचं ते शिकवलं नव्हतं.

सहा महिने मोडतोड करून, दसऱ्याच्या सुमाराला, शेठच्या फियाटसाठी चार चाकं करायला घेतली. प्रत्येक चाकात सोळा थर. सगळे एकदम देता येत नाहीत, रेझीन तापतं आणि तडकतं. म्हणून आधी आठ, मग मध्ये थांबायचं, मग वरचे आठ. एक चाक सुंदरबाईकडे, एक प्रमिलाबाईकडे आणि दोन झिपरूकडे. झिपरू आमचा सगळ्यांत जुना कारागीर, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. खालचे आठ थर खंडेनवमीच्या सकाळी झाले.

संध्याकाळी पूजा. शेठाणीबाई ताट घेऊन आल्या. कॉम्प्रेसरला हार, वजनकाट्याला हार, रोलरला हळदकुंकू. मग ज्यानं त्यानं आपापल्या चाकाची पूजा केली. अर्ध्या चाकाचा तो गुळगुळीत थर, त्यावर कोरडं कुंकू टिकेना, घसरून जाई. मग शेठाणीबाईंनीच वाटीत तेल घेऊन त्यात कुंकू कालवलं. प्रमिलाबाईनं चाकाच्या मधोमध, जिथं नट बसतात तिथं, वीतभर स्वस्तिक काढलं. झिपरूनं दोन्ही चाकांवर काढलं. मी लांब उभा राहून टाळ्या वाजवत होतो. सुंदरबाईला कोणी बोलावलं नाही. ती बाहेर पाण्याच्या ड्रमपाशी डबे घासत होती. तिच्या चाकाला कुंकू लावायला कोणीच पुढं झालं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

निघताना मी हुकूम सोडून गेलो. "परवा सकाळी वरचे आठ थर द्यायचे. आधी पॉलिश पेपरनं घासायचं आणि ॲसिटोननं स्वच्छ पुसायचं." का पुसायचं ते सांगितलं नाही. हुकूम द्यायची सवय लागली की कारण सांगायचा कंटाळा येतो. सोनं वाटायला मी गावी गेलो. परवा दुपारी परत आलो तेव्हा सोळाच्या सोळा थर पुरे झाले होते आणि चारही चाकं वाळत होती. मी पाठ थोपटली, सगळ्यांची आणि स्वतःची.

चाकांवर वाळूची पोती टाकली, हातोडे मारले, काही झालं नाही. सुंदरबाईनं ठोकायला नट हातात घेतला, तर शेठ म्हणाला, "आता पुरे, रंग लावा." काळा रंग लागला. मधल्या भागावर चकचकीत कप बसले. आठवडाभर सुकदेवनं गाडी एम.आय.डी.सी.च्या रस्त्यांवर फिरवली. मग शेठनं ठरवलं, शिरपूरला एक मोटारपार्टवाले आहेत, त्यांना गाडी नेऊन दाखवायची. जळगावहून धुळे, धुळ्याहून शिरपूर. मला म्हणाला, चला. टाक्यांचं काम अडलंय असं सांगून मी टाळलं. खरं कारण एवढंच, की मला त्या गाडीत बसायची भीती वाटली. सुकदेवला मात्र मी छान सल्ला दिला. "चाळीसच्या वर जाऊ नको. दर पंधरा किलोमीटरला थांब, चाकाच्या मध्ये हात लावून बघ. गरम लागलं तर थांबून राहा." तो मान हलवत होता. सकाळी आठला गाडी गेली.

नऊच्या सुमाराला कूलरच्या एका बॉडीचा लावलेला तुकडा माझ्या हातात सुटून आला. झिपरूनं भजी खाऊन तसाच हात लावला होता. माझं डोकं फिरलं. "तेलाचं बोट लागलं की वरचा थर धरत नाही! नुसता दिसायला चिकटतो. कितीदा सांगायचं तुम्हाला?" मी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडलो. खरं तर हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच सांगत होतो.

सुंदरबाईच्या हातातून रोलर पडला. मी म्हटलं, आता काय, पाल दिसली का? ती उठून माझ्याकडे आली.

"भाऊ, तेलनं बोट लागं ते थर सुटस?"

"सुटतोच."

"आनि कुंकू तेलमा कालवेल व्हई ते?"

मला कळायला वेळ लागला. मग मी तिला कोपऱ्यात नेलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं सांगितलं. नवमीला सगळे गेल्यावर ती डबा राहिला म्हणून परत आली होती. तिचं एकटंच चाक कोरं. वाटीत थोडं कुंकू उरलेलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि चाकाच्या कडेला, हवा भरायच्या भोकापाशी, बोटांनी कुंकू लावलं. कोणाला दिसू नये म्हणून कडेला. दसरा उलटल्यावर घासायला बसली.

"बाकीनं बठ्ठं घासं, पुसं. तेवढं पुसं नही. वर मॅट टाकी दिधी."

"का? पुसायचं सांगितलं होतं ना मी?"

"कुंकू कसं पुसू, भाऊ?" ती म्हणाली. "माले पुसता उनं नही."

दीपनगरहून नवऱ्याला आणलं त्या दिवशी बायांनी तिचं कुंकू पुसलं होतं. तो हात कसा फिरतो ते तिला माहीत होतं. तेच स्वतःच्या हातानं, स्वतः लावलेल्या कुंकवावर करायचं, हे तिच्यानं झालं नाही. आणि तिला वाटलं असणार, आत राहिलं म्हणजे आता ते कोणीच पुसणार नाही. आता ते कुंकू धुळ्याच्या रस्त्यावर सुकदेवच्या गाडीखाली फिरत होतं.

नोकरी, शेठ, पोलीस, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि सुकदेव त्यानंतर आला, हे सांगायची लाज वाटते. सुंदरबाईच्या डोळ्यांपुढं मात्र फक्त तोच होता. ती सरळ प्रमिलाबाईपाशी गेली आणि तिच्यासमोर खाली बसली. "प्रमिला, तुना धनी ज्या गाडीवर गया, त्यामा मनं चाक खराब शे," एवढंच बोलली.

मी प्रमिलाबाईला आणि झिपरूला विचारलं, "तुम्ही तुमची स्वस्तिकं पुसली होती ना? नीट?"

"हां भाऊ, बठ्ठं पुसं," झिपरू लगेच म्हणाला. प्रमिलाबाईनं मान हलवली.

फोन करायचा तर कोणाला? गाडी रस्त्यावर. मी राजदूत काढली. चारही चाकं काळी, एकसारखी, आणि सुकदेवनं ती आठवडाभरात पुढची मागं, मागची पुढं केलेली. त्यातलं सुंदरबाईचं कुठलं ते तिलाच ठोकून कळणार. "बसा," मी म्हटलं. मोटारसायकलवर ती जन्मात बसली नव्हती. परक्या पुरुषाच्या मागं तर नाहीच. तिनं पदर कमरेला खोचला, नट मुठीत धरला आणि बसली.

बांभोरीच्या पुलावर आलो तेव्हा ती माझा शर्ट इतका घट्ट धरून होती की गळा आवळत होता. तिचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. देवाचं नाव असेल असं वाटलं. नीट ऐकलं तर ती, "हळू चालाड, सुकदेवभाऊ, हळू चालाड," एवढंच म्हणत होती. पाळधी गेलं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता दिसणार. उताणी फियाट, काचा, माणसांचा घोळका. वळण सरळ व्हायचं आणि रस्ता रिकामा असायचा. पुढचं वळण होतंच.

एरंडोलच्या पुढं घोळका दिसला. रस्त्याच्या कडेला पंधरावीस माणसं, मध्ये काहीतरी आडवं. मी गाडी थांबवली, पण उतरलो नाही. सुंदरबाई उतरली. ती, जी गोडाऊनमध्ये एकटी जात नव्हती, ती माणसं बाजूला सारत आत गेली. मी डोळे मिटून घेतले होते. परत येऊन ती म्हणाली, "बैलगाडीना आख तुटेल शे. चला." आणि पुन्हा मागं बसली. माझा शर्ट तिनं पुन्हा तसाच आवळून धरला.

पारोळा मागं पडलं, त्यानंतर एका लिंबाखाली फियाट उभी दिसली. सुकदेव खाली बसून चाकाला हात लावून बघत होता, मी सांगितलं होतं तसाच. शेठ बाजूच्या टपरीवर चहा पीत होता. दोघं जिवंत बघून मला रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

"काय झायं, भटूभाऊ?" सुकदेव उठला.

सुंदरबाई कोणाशी न बोलता पहिल्या चाकापाशी बसली आणि नटानं त्याची कड ठोकत गेली. खणखण. दुसरं, खणखण. तिसरं मागच्या अंगाचं. हवेच्या भोकापाशी आवाज बदलला. भद्द, भद्द. माझ्या कानांनाही कळला. चौथंही तिनं ठोकून बघितलं, ते खणखणीत होतं. मग ती तिसऱ्याजवळ परत आली. "हाई मनं शे," ती म्हणाली.

शेठ चहा टाकून आला. मी तिला वाचवायला म्हणून म्हणालो, "शेठ, या चाकात हवा राहिलीय. काढायला पाहिजे."

"हवा? आठवडाभर फिरवली, तेव्हा नव्हती का हवा?" शेठ चिडला. "माणसं वाट बघताहेत तिकडं. शिरपूरला पोचू, मग काय ते बघू. चल रे सुकदेव."

सुकदेव दार उघडून बसायला लागला. एवढं ऐकून घेऊन मी पुन्हा बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही. सुंदरबाई उठली आणि दार धरून उभी राहिली.

"शेठ, त्यामा कुंकू शे. तेलमा कालवेल. मी लायं व्हतं."

"कोणी?"

"मी."

शेठ दोन पावलं मागं सरकला. तेलाची गोष्ट त्याच्या कानात शिरलीच नाही. मी थर आणि तेल आणि चिकटणं दिवसभर समजावलं असतं तरी त्यानं गाडी पुढं नेली असती. विधवेच्या हातचं कुंकू म्हटल्याबरोबर तो माणूस स्वतःच्या गाडीला हात लावायला तयार होईना. तिला जे सांगायची सगळ्यांत जास्त भीती वाटत होती, नेमकं त्यानंच काम झालं. मला शेठचा असा राग आला की त्याच्या अंगावर धावून जावं. गेलो मात्र नाही.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!" शेठ ओरडला. सुकदेवनं जॅक लावला, तिचं चाक काढलं आणि डिकीतली लोखंडी स्टेपनी बसवली. शिरपूर रद्द झालं. असा अपशकुन झाल्यावर कोण पुढं जातं? "हिला गाडीत घेऊ नको," शेठ म्हणाला. मी सुंदरबाईला पारोळ्याच्या स्टँडवर एसटीत बसवलं आणि फियाटला गाठून तिच्या मागोमाग निघालो. उरलेल्या तीन चाकांची मला काळजी नव्हती. पुसलेली होती, ठोकलेली होती. जळगावपर्यंत मी गाणं म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी अंगणात तिचं चाक कापलं. हवेच्या भोकापाशी तळहाताएवढा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटला आणि आत लालभडक बोटं दिसली. बाकीचं चाक चार माणसांनी ओढलं तरी सुटेना. "बघा," मी म्हटलं, "बाकीचं काम किती चांगलं आहे तिचं." सगळे त्या लाल बोटांकडे बघत होते.

शेठ जायला निघाला तेव्हा सुकदेव पुढं झाला. "बाकीना बी कापा, शेठ. मी त्यासवर बसेल व्हतू."

शेठ नको म्हणत होता. सुकदेवनं स्वतःच करवत घेतली. पहिल्या चाकाचा कप काढून त्यानं मधोमध करवत घातली. अर्धं कापून व्हायच्या आत चाकाचा मधला भाग दोन चकत्यांसारखा वेगळा झाला. आत वीतभर स्वस्तिक होतं. तेलानं अजून ओलसर चमकत होतं. नटांच्या दोन भोकांना जोडणारी केसासारखी पांढरी भेग पडली होती. दुसरं कापलं, तेच. तिसरं कापलं, तेच. त्यात भेग तीन भोकांपर्यंत गेलेली. आणखी दहा किलोमीटर, वीस किलोमीटर, कोणास ठाऊक. मी तिथंच मातीत बसलो. सुंदरबाईनं कडा ठोकल्या होत्या. कपाखाली, मधोमध, कोणी ठोकलंच नव्हतं. सुंदरबाईचं चाक कदाचित शिरपूरला जाऊन परत आलं असतं. बाकीची तीन मात्र सुटायच्या बेतात होती, आणि त्यांच्यामागून मी गाणी म्हणत आलो होतो.

"हे काय?" शेठ म्हणाला. "तुम्ही पुसलं होतं ना सगळ्यांनी?"

"पुसं व्हतं, शेठ," झिपरू पायांकडे बघत म्हणाला.

"मग पुसल्यावर परत लावलं कोणी?" शेठची नजर सुंदरबाईवर गेली. "हिनंच. चारही चाकांना हिनंच हात लावला."

शेवटी कापलेल्या चाकातलं स्वस्तिक प्रमिलाबाईचं होतं. ती डावरी, तिच्या स्वस्तिकाचे ठिपके नेहमी एका अंगाला कलायचे. पूजेच्या वेळी मी त्यावरून तिची चेष्टाही केली होती. झिपरूचीही मी ओळखली. कोणीच पुसलं नव्हतं. शेठाणीबाईंच्या वाटीतलं कुंकू, नवमीचं, कोण पुसणार? आणि काल सकाळी मी विचारलं तेव्हा प्रमिलाबाईनं मान हलवली होती, नवरा त्या चाकावर रस्त्यात असताना. सवाष्णीच्या कुंकवानं कधी वाईट होईल, हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. वाईट होणार ते फक्त सुंदरबाईच्या कुंकवानं.

सुकदेव हातातली करवत खाली न ठेवता बायकोकडे वळला. "प्रमिला, तुनं चाक तू पुसं व्हतं ना?"

प्रमिलाबाईचे ओठ हलले. पदराचं टोक तिनं मुठीत पिळून धरलं होतं. इतकी भ्यालेली बाई मी त्याआधी फक्त एकच पाहिली होती, आणि ती तिच्या शेजारी उभी होती.

"मीच लायं," सुंदरबाई मोठ्यानं म्हणाली. "चारीसले मीच लायं, शेठ."

मला खरं माहीत होतं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. पण मग पुसायला सांगून तपासायला मी कुठं होतो, हा प्रश्न आला असता. मी मातीतच बसून राहिलो. शेठनं तिला फाटकाबाहेर काढलं, डबाही घेऊ दिला नाही. ती गेल्यावर शेठाणीबाईंनी शेडमध्ये गोमूत्र शिंपडलं. चाकांचं काम बंद पडलं, आम्ही पुन्हा कूलरवर आलो. महिन्याभरात सुकदेव आणि प्रमिलाबाई दोघांनी काम सोडलं.

पाच वर्षांनी पाचोऱ्याच्या स्टेशनवर सुंदरबाई भेटली. लेकीकडेच राहत होती, तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. मीही तोवर देवचंदशेठला सोडलं होतं. बाकावर बसून मी तिला विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललात?

"मंग काय ती बोलती?" ती म्हणाली. "मना कुंकूनी मना धनी मरता मरता वाचना, असं तिनी बठ्ठासमोर म्हनानं? असं बोलेल बाईनी मंग जगानं कसं, भाऊ? मना काय जातं? मना जे जावानं ते आधीच जायेल व्हतं."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही, कळलं नाही. गाडी यायची घंटा झाली तशी ती उठली, मग थांबली.

"सुकदेवभाऊ आते काय करस?"

"ट्रक चालवतो. भुसावळकडे असतो."

तिनं माझा हात धरला.

"त्यानी चाकं लोखंडनी शेतस ना?"